चारशे संचांची मागणी

फारुखच्या दुकानातल्या काउंटरच्या काचेखाली, एका बॅटरी कंपनीचं जुनं कॅलेंडर आणि मक्केचा फोटो यांच्या मधे, हितेंद्रला स्वतःचा मथळा दिसला. तीन कॉलमी, दोन ओळींचा. कात्रण कडेने पिवळं पडलं होतं, पण अक्षरं ठळक होती: 'हायड्रोजनच्या जनरेटरला चारशे संचांची मागणी'. तो घरच्या इन्व्हर्टरसाठी आला होता आणि पावतीची वाट बघत उभा होता. सवयीने त्याने आधी ओळ कुठे तुटली आहे ते पाहिलं. ओळ बरोबर तुटली होती. मग त्याची नजर 'मागणी' या शब्दावर गेली आणि मानेच्या मागे काहीतरी गरम सरकल्यासारखं झालं. जळगावात हा शब्द छापलाच गेला नव्हता. जळगाव शहराच्या अंकात 'चारशे संचांबाबत विचारणा' असं होतं. ते त्यानेच केलं होतं, तीन वर्षांपूर्वी, स्वतःच्या हाताने. 'मागणी' गेली होती ती फक्त डाक आवृत्तीत. डाक आवृत्ती म्हणजे तालुक्यांना जाणारा अंक. संध्याकाळी सातला त्याची पानं छपाईला सुटतात आणि मग त्याच्याकडे कुणी वळून बघत नाही. फारुख राहतो धरणगावला, रोज जाऊन-येऊन करतो. पेपर तो घरी घेतो. एवढं साधं होतं ते. तालुक्याचा अंक माणसाच्या खिशातून शहरात येऊ शकतो, हे तीस वर्षं उपसंपादकी केलेल्या माणसाच्या लक्षात आलं नव्हतं.

"तुमच्याच पेपरचं आहे ते, भाऊ," फारुख पावती फाडत म्हणाला. "तीन साल झाले. गिऱ्हाईक विचारतं, हे काय, तर मी म्हणतो, मी आत्ता डिझेलचे जनरेटर दुरुस्त करतो ना, ते बंद पाडणारी वस्तू आहे ही. हसतात सगळे. म्हणतात, स्वतःच्या पोटावर पाय द्यायला स्वतःच पैसे घातले का रे?"

"मग?"

"मग काय, घातले. धंदा बुडणारच असेल तर बुडवणाऱ्याच्या बाजूने असावं माणसाने." तो स्वतःच्या विनोदावर मनापासून हसला. "तुम्ही पण घेतले असतील ना? तुम्हाला तर आमच्या आधी कळलं असेल."

"आहेत थोडे," हितेंद्र म्हणाला.

त्याच्याकडे एकही शेअर नव्हता. या कंपनीचा नव्हता, कुठल्याच कंपनीचा नव्हता. पगारातून उरलेलं पोस्टात जायचं. खोटं बोलायची काही गरज नव्हती. 'नाही बुवा, आपल्याला त्यातलं कळत नाही' असं म्हणून पावती खिशात घालून तो बाहेर पडू शकला असता. पण त्या काचेसमोर 'नाही' म्हणणं म्हणजे जेवायला वाढून स्वतः ताटावरून उठण्यासारखं वाटलं. 'आहेत थोडे' म्हटल्यावर फारुखच्या चेहऱ्यावर जी आपलेपणाची लकाकी आली तिच्यामुळे हितेंद्रला क्षणभर बरंही वाटलं, आणि ते बरं वाटणंच त्याला पुढे कित्येक दिवस आठवत राहिलं. फारुखने तिथेच मोबाइल काढून त्याला गटात घातलं. गटाचं नाव 'हायड्रोजन परिवार'. त्यात जळगावचे, धुळ्याचे, साक्रीचे, शिरपूरचे एकसष्ट जण होते; तो बासष्टावा. दहा मिनिटांत हात जोडल्याच्या चित्रांची रांग लागली. 'पेपरवाले भाऊ आपल्यात आले.' 'आता खरी बातमी कळेल.'

गटात रोज सकाळी एकच प्रश्न असायचा: विक्री केव्हा? पुण्याजवळच्या जलप्रभ नावाच्या त्या कंपनीने इंधनघट बनवला होता. हायड्रोजन आत घालायचा, वीज बाहेर काढायची, धूर म्हणून फक्त पाण्याची वाफ. मोबाइलच्या टॉवरखाली, दवाखान्यांमागे डिझेलच्या जागी तो बसणार होता. संच तयार होता, त्याचे फोटो होते, फोटोत हार घातलेला होता. विकला मात्र एकही गेला नव्हता. दर तीन महिन्यांनी कंपनीचे आकडे यायचे आणि विक्रीच्या रकान्यात एक आडवी रेघ असायची. खाली 'इतर उत्पन्न' म्हणून काही रक्कम असायची. हितेंद्रने पहिल्याच दिवशी घरी बसून तो कागद नीट वाचला. इतर उत्पन्न म्हणजे लोकांनी दिलेले पैसे बँकेत ठेवून आलेलं व्याज. गटातल्या एकाने त्याच रकमेभोवती लाल गोल काढून लिहिलं होतं, 'सुरुवात झाली!' हितेंद्रने उत्तर टाइप केलं, दोनदा वाचलं, एक काना दुरुस्त केला आणि पुसून टाकलं.

फेब्रुवारीत कंपनीने हक्कभाग जाहीर केले. ज्यांच्याकडे आधीचे शेअर आहेत त्यांना आणखी घेण्याचा हक्क, कमी भावात, मुदत बुधवारपर्यंत. इंग्रजीत त्याला जे म्हणतात त्याचं मराठी 'हक्कभाग' असंच करतात; हितेंद्रनेही कैक वेळा केलं होतं. तो शब्द गटात पडला आणि लोकांची भाषाच बदलली. हक्काचे आहेत. हक्क सोडायचा नाही. जमिनीच्या वाटणीत बहिणींनी सोडलेल्या हक्कासारखं काहीतरी त्यांच्या मनात उठलं असावं. धुळ्याच्या चुडामण आबांनी लिहिलं की रविवारी त्यांच्याकडे बसू, पेपरवाले भाऊंनी येऊन कागद वाचून दाखवावा, मग ठरवू. फारुखने दुकान बंद ठेवलं आणि रविवारी सकाळी दोघे जळगावच्या स्टँडवरून धुळ्याच्या गाडीत बसले.

गाडी एरंडोल सोडून पारोळ्याच्या दिशेने लागली तेव्हा फारुखला डुलकी लागली होती. बाहेर सरकीच्या पोत्यांनी लादलेले ट्रक, गव्हाचे पिवळट तुकडे, मधेच केळीचा काळपट हिरवा चौकोन. हितेंद्रला ती तीन वर्षांपूर्वीची संध्याकाळ पुन्हा दिसायला लागली. खरं म्हणजे ती आठवड्याभरात रोजच दिसत होती, आणि प्रत्येक वेळी थोडी अधिक स्पष्ट. कंपनीकडून आलेलं इंग्रजी पत्रक. कंपनीचा एक संचालक मूळचा खानदेशातला, म्हणून बातमी लावायची. पत्रकात होतं की चारशे संचांबद्दल चौकशा आल्या आहेत. त्याच्या बोटांनी 'मागणी' लिहिलं. मराठी बातमीत तसंच लिहितात. मालाला मागणी आहे, कांद्याची मागणी वाढली. तो शब्द सैल आहे, त्यात इच्छाही बसते आणि पक्की ऑर्डरही बसते. लिहिताना त्याला एवढंच दिसलं होतं की 'चौकशा' लिहिलं तर मथळ्याची दुसरी ओळ आखूड पडते. डाकची पानं सुटली. साडेसातला शहर आवृत्तीसाठी तेच पान पुन्हा वाचताना त्याला खटकलं. मूळ पत्रक काढून पाहिलं. चूक होती. त्याने 'विचारणा' केलं, समोरच्या टेबलावरच्या मुलीला म्हणाला, "डाकमध्ये गेलं बघ चुकीचं." ती म्हणाली, "डाकच ना सर?" आणि दोघे हसले.

ते हसू. दुसऱ्या दिवशी दोन ओळींची चूकदुरुस्ती द्यायला हवी होती. द्यायची तर संपादकांना सांगावं लागलं असतं, आणि डाकची चूक सांगायला कुणी जात नाही. साक्रीला, नवापूरला कोण एवढं शब्द लावून वाचतं, असं सगळे धरून चालत. हितेंद्रही धरून चालत होता, आणि तो स्वतः साक्रीचा होता. वडील टेलरिंग करायचे. पेपर धुळ्याच्या गाडीने यायचा, साडेदहा-अकराला. मशीनवरचं काम बाजूला सारून ते मथळ्यांपासून खालच्या ओळीपर्यंत सगळं मोठ्याने वाचायचे. माप द्यायला आलेली माणसं ऐकत बसायची. आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी तर दहा-बारा जण. कुणी शंका काढली तर वडील चष्म्यावरून बघत म्हणायचे, "छापेल शे ना? मंग?" जळगावला नोकरीला लागल्यावर महिन्याभरात हितेंद्रला कळलं की साक्रीला जातो तो अंक वेगळा असतो, आधी उरकलेला, कच्चा. हे त्याने वडिलांना कधी सांगितलं नाही. ते शेवटपर्यंत समजत राहिले की जळगावचा कलेक्टर सकाळी जो पेपर वाचतो तोच आपण वाचतो. त्यांना दुखवायचं नव्हतं, असं तो इतकी वर्षं स्वतःला सांगत आला होता. पारोळ्याच्या स्टँडवर गाडी थांबली, खिडकीखाली एकजण पाण्याच्या बाटल्या विकत होता, आणि हितेंद्रला वाटलं, दुखवण्याचा प्रश्न नव्हताच; आपल्याला लाज वाटत होती, की आपण आता त्या दुसऱ्या अंकाच्या बाजूचे झालो आहोत.

"भाऊ," फारुख जागा होऊन म्हणाला, "काय बोलणार तुम्ही तिथं?"

"जे आहे ते."

"आबा सगळे तुमच्यावर विसंबून आहेत. ते म्हणतात, भाऊंनी भरले तर मी भरीन." त्याने डोळे चोळले. "माझ्याकडे तर भरायला काही नाही. मी आपला सोबत आलो."

चुडामण आबांचं घर देवपुरात, पांझरा नदीच्या पलीकडे. ते दीपनगरच्या वीज केंद्रातून बॉयलरवरून निवृत्त झालेले. मोठा, रुंद हाडाचा माणूस, डोळ्याचं ऑपरेशन होऊन आठ दिवस झालेले, म्हणून हिरवा काळसर चष्मा. चष्म्यामुळे ते नेमके कुणाकडे बघताहेत ते कळत नव्हतं. 'हायड्रोजन परिवारा'तले आणखी पाचजण येणार होते. त्यांचे फोन आले की तुम्ही ठरवाल ते आम्हाला मान्य. वच्छलाबाई, आबांच्या पत्नी, भिंतीला हात लावत आतून आल्या. दोन्ही गुडघे गेलेले. प्रत्येक पाऊल टाकण्याआधी त्या थोडं थांबत होत्या. त्यांनी पोह्यांच्या बशा ठेवल्या आणि हितेंद्रला निरखून पाहिलं.

"तू साक्रीना शे म्हने?"

"हो अक्का. बाजारपेठेतला. टेलर होते वडील."

"मंग आपलाच शे," त्या आबांना म्हणाल्या, जणू काहीतरी सिद्ध झालं. हितेंद्रने पोह्यांत चमचा घातला.

आबांनी फॉर्म काढला होता. बँकेत सोमवारी द्यायचा. त्यासाठीचे पैसे कुठले हे त्यांनी लपवलं नाही. "हिच्या गुडघ्यांचे आहेत," ते म्हणाले. "नाशिकच्या डॉक्टरने तारीख दिली होती मंगळवारची. पण ती पुढेही घेता येते. हक्क पुढे घेता येत नाही." वच्छलाबाई खाली सतरंजीवर पाय लांब करून बसल्या होत्या आणि गुडघ्यावरून तळहात फिरवत होत्या. आबा सांगत राहिले. पस्तीस वर्षं कोळशावर काढली. कॉलनीत वाळत घातलेल्या कपड्यांवर राख बसायची, पोरांच्या वह्यांवर बसायची. "तेव्हा वाटायचं, आपण दिवे लावतो लोकांचे. नंतर कुणी काहीबाही विचारायला लागलं, धूर, राख. म्हटलं जाताजाता एखाद्या स्वच्छ वस्तूत आपले चार पैसे असावेत. आणि नेमकी तुमची बातमी आली. चारशे संच! मी ती दोनदा वाचली."

हितेंद्रने बशी खाली ठेवली. त्याने गाडीत वाक्यं जुळवली होती, बातमीसारखी, महत्त्वाचं आधी. "आबा, त्या बातमीत चूक होती. माझी चूक. मागणी नव्हती आलेली. लोकांनी चौकशी केली होती, एवढंच. मी मागणी लिहिलं. जळगावच्या अंकात मी ते दुरुस्त केलं, तुमच्या अंकात राहून गेलं. आणि मी ते नंतरही सांगितलं नाही."

फारुखने त्याच्याकडे वळून पाहिलं. आबांचा चष्मा हलला नाही. पहिल्यांदा हसल्या त्या वच्छलाबाई, तोंडाला पदर लावून. त्यांची नात दिपमाला लग्नाची होती, वर्षभर स्थळं येत होती. "म्हंजे देखीसन गयात," त्या म्हणाल्या. "पोहा खाईसन गयात. आम्हनी दिपमालाले बी तीन मागण्या उन्यात. लगीन कोठे शे?"

शब्दाचा जो फरक त्याला तीस वर्षांच्या नोकरीत एका संध्याकाळी कळला नव्हता, तो बाईंनी बसल्या जागी उलगडून समोर ठेवला. अर्ध्या खाल्लेल्या बशीकडे बघवेना.

पण आबा हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. "चौकशीच आधी येते," ते शांतपणे म्हणाले. "आमच्या स्टोअरमध्ये काय होतं? आधी चौकशीचं पत्र, मग भाव, मग ऑर्डर. सरकारी काम असलं तर तीन वर्षं लागतात. म्हणजे तुमची बातमी थोडी लवकर आली, चुकीची नाही आली."

"आबा, एकही संच विकलेला नाही. जे उत्पन्न दाखवतात ते आपल्याच पैशाचं व्याज आहे."

"माहीत आहे मला. कागद मुलाकडून फोनवर वाचून घेतला." त्यांनी हात हलवला. "ते असू द्या. तुम्ही भरताय का तुमचे हक्काचे?"

प्रश्न सरळ होता. हितेंद्रच्या लक्षात आलं की याचं उत्तर देताना खोटं बोलायचीही गरज नाही.

"नाही," तो म्हणाला. "मी भरत नाही."

खोलीत काहीतरी बदललं. आबांनी चष्मा काढला, लाल डोळा मिचकावला आणि पुन्हा लावला. "नाही?"

"नाही."

मग आबांनी फॉर्म उचलला, मधोमध घडी घातली, नखाने घडीवरून ओढलं. "मग राहू दे आपलंही," ते म्हणाले. "ज्याचे अडकलेत तोच नको म्हणतो, तर..." चूक कबूल करून, रकाना दाखवून जे झालं नव्हतं ते एका 'नाही'ने झालं होतं. वच्छलाबाईंचा गुडघ्यावरचा हात थांबला. "मंग मंगळवारले जाऊत का नाशिकले?" त्यांनी विचारलं, इतक्या हळू की जणू विचारल्याने ते निसटेल. "जाऊ," आबा म्हणाले. फारुखने सुटकेचा श्वास टाकला आणि उरलेले पोहे खायला घेतले.

इथे उठायला हवं होतं. पुढे हितेंद्र स्वतःला हे पुष्कळदा सांगणार होता: इथे नमस्कार करून, चपला घालून, पांझरेच्या पुलावरून चालत स्टँडवर जायचं होतं. पण वच्छलाबाई सरकत जवळ आल्या आणि त्यांनी त्याच्या मनगटावर हात ठेवला. कोरडा, गरम हात, साक्रीच्या बायांचा असतो तसा. "तुन्हा बी अडकनात ना रे भाऊ," त्या म्हणाल्या. "जीवले लाई लेऊ नको. कष्टाना व्हतात, पन जीव ऱ्हायना ना." पैसे गेले तरी जीव राहिला ना, असं त्या त्याचं सांत्वन करत होत्या. न गेलेल्या पैशांचं. आबाही मान हलवत होते, फारुख म्हणत होता, "अल्ला देगा, भाऊ." हितेंद्रला वाटलं, आपण कुणाच्या तरी घरच्या सुतकात बसून स्वतःसाठी रडून घेतो आहोत. तो हात मनगटावरून काढता येईना. सगळं अंग आक्रसून आलं, आणि ते आक्रसणं थांबावं एवढ्याच इच्छेने, त्यापलीकडे कसलाही विचार न करता, तो बोलला.

"अक्का, माझे नाहीत. मी घेतलेच नव्हते कधी."

हात लगेच निघाला नाही. आधी तो नुसता हलका झाला, मग निघाला.

"विकले?" आबांनी विचारलं.

"घेतलेच नाहीत. फारुखला मी खोटं सांगितलं."

फारुख बशीत बघत राहिला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. खोटं त्याचं असावं तशा. आबांनी घडी घातलेला फॉर्म मांडीवर ठेवला होता. त्यांची बोटं कडेवरून फिरली आणि हितेंद्रने पाहिलं की ती घडी उघडत आहेत.

"म्हणजे नसलेले भरणार नाही म्हणालात तुम्ही," आबा म्हणाले. आवाज चढला नव्हता, उलट त्यात हिशेब लागल्याचा सुटसुटीतपणा होता. "मला वाटलं, आतला माणूस नको म्हणतोय."

"आबा, मी बाहेरून बघतोय म्हणूनच सांगतो. ऐका माझं. गुडघे करून घ्या अक्कांचे."

"बाहेरच्याला काय दिसतं हो? बॉयलर बाहेरून नुसतं लोखंड दिसतो." ते थांबले. "तुम्ही तेव्हाही बाहेरूनच लिहिलं, आणि आत्ताही बाहेरूनच सांगताय. आम्ही आत आहोत. एकसष्ट जण. आता आम्हीच मागे सरलो तर संच विकला कसा जाईल?"

यावर उत्तर होतं. चांगलं, मुद्देसूद उत्तर होतं, आणि हितेंद्रने ते दिलंही. पाच मिनिटं तो बोलत होता, आवाज न चढवता, एकामागून एक. ते सगळं खरं होतं. ऐकताना आबा मान डोलवत होते, टेलरच्या दुकानात माणसं डोलवायची तशी नव्हे, पाहुण्याचं बोलणं संपू द्यावं तशी. मधे एकदा त्याने वच्छलाबाईंकडे पाहिलं. त्या बशा गोळा करत होत्या. मंगळवारचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. खरं बोलून हलकं झालो तो आपण एकटे, हे त्याला त्या बशांच्या आवाजात कळलं. आणि ज्या हलकेपणासाठी ते केलं तोही आला नव्हता.

"भाऊ," आबा अखेर म्हणाले, "आलाच आहात तर एवढं करा. मुलगा मुंबईला आहे, मला डोळ्यांनी दिसत नाही, फारुखचं इंग्रजी तुम्हाला माहीत आहे. फॉर्म भरून द्या. खाडाखोड झाली की बँक परत करते."

तो नाही म्हणू शकला असता. मग उद्या बँकेसमोर बसणाऱ्या कुणीतरी भरला असता, एखादा आकडा चुकवला असता, आणि फॉर्म परत आला असता. हे त्याला सुचलं. आपणही चुकवू शकतो, हेही सुचलं. एक आकडा, एकच, आणि गुडघे वाचतील. पेन हातात घेऊन तो त्या विचारापाशी काही क्षण थांबला. पण या घराला त्याच्याकडून एक चूक आधीच मिळालेली होती, आणि दुसरी देण्याचं धैर्य, किंवा माया, त्याच्यात नव्हती. त्याने चौकटींमध्ये मोठ्या इंग्रजी अक्षरांत नाव लिहिलं. खाते क्रमांक आबा तोंडपाठ सांगत होते, तो प्रत्येक चार आकड्यांनंतर परत वाचून दाखवत होता. तारीख. पत्ता. मग त्याने सगळा फॉर्म खालून वर, उलटा वाचला. अर्थ डोक्यात शिरू नये आणि अक्षरच दिसावं म्हणून छपाईआधीची मुद्रितं तशी वाचतात. एकही चूक नव्हती.

"सही इथे," तो म्हणाला.

आबांनी पेन घेतलं, पण चष्म्यातून त्यांना रेघ सापडेना. टोक दोनदा कोऱ्या जागेवर फिरलं. वच्छलाबाई स्वयंपाकघराच्या दारात, चौकटीला धरून उभ्या होत्या. हितेंद्र पुढे वाकला, त्याने आबांचा जड हात आपल्या हातात घेतला आणि पेनाचं टोक नेमकं रेघेवर टेकवलं.